भिंतीतल्याचं अर्धं वाक्य

४ जून

प्रिय आत्या,

नमस्कार. आधी खुर्चीत बस आणि मग पुढचं वाच. माळ्यावर पंख्याच्या जुन्या खोक्यात ‘जळमट’चे अंक सापडले. सुतळीनं बांधलेले, सगळेच्या सगळे.

तू तरुणपणी भुताखेतांच्या गोष्टींचा कसलातरी हौशी अंक काढायचीस एवढंच मला माहीत होतं. ‘कसलातरी’ हा शब्द मी आजपासून मागे घेते. काय अंक आहेत गं ते. टाइप केलेली पानं, सायक्लोस्टाइलची शाई मागच्या बाजूला फुटलेली, कोपऱ्यात सुईनं कोरल्यासारखं वटवाघूळ. खाडीकाठच्या त्या बंगल्याची कथा मी शनिवारी वाचायला घेतली आणि दूध उतू गेलं तरी उठले नाही. बाहेरून खिडक्या मोजल्या की आतल्यापेक्षा एक जास्त भरते, हे वाचून मी आमच्याच इमारतीच्या खिडक्या मोजून आले. दिवसभर दुकानात लोकांच्या चष्म्यांच्या काचा घासते, त्यामुळे नसलेलं दिसण्याचा मला सराव नाही.

आता मुद्द्याचं. दर एक रविवार सोडून आमच्याकडे टेबलावरचा रोलप्ले गेम असतो. तुला सांगितलं होतं, तू जांभई दिली होतीस. परत सांगते. मी गोष्ट चालवते, बाकीचे गोष्टीतली माणसं होतात. ‘तुमच्यासमोर दार आहे’ असं मी म्हणायचं, उघडायचं की पळायचं ते त्यांनी ठरवायचं, आणि घोडं अडलं की फासे टाकायचे. तिघं येतात: कोपऱ्यावरच्या केमिस्टबाई, गणिताचे एक सर आणि आमच्या दुकानातली रिसेप्शनिस्ट. वर्षभर राक्षस मारून आम्ही कंटाळलोय. मला ‘जळमट’चा बंगला खेळात आणायचा आहे. परवानगी दे.

बाबांचं विचारशील. जखम भरली, वजन वाढतंय. पण बोलत नाहीत. स्वरयंत्र काढल्यावर डॉक्टरांनी गळ्याला लावायचं यंत्र दिलं ना, दाढीच्या मशीनएवढं, ते ड्रॉवरमध्ये पडून आहे. एकदाच लावलं, आरशासमोर. मग पाटीवर लिहिलं, ‘डब्यात माशी अडकलीय.’ तेव्हापासून पाटी आणि खडू. सबंध फळबाजार ज्यांना भोंगा म्हणायचा, ज्यांनी पुकारलेली बोली पार गेटवरच्या हमालांना ऐकू जायची, ते कुणी आलं की आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घेतात. बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणतात, आत्ता सराव केला नाही तर यंत्र कायमचं पडून राहील. माझं समजावून, रागावून, रुसून झालं. आई असती तर तिला जमलं असतं. मला जमत नाहीये.

तुझी भिंगरी


११ जून

प्रिय भिंगरी,

परवानगी कसली मागतेस? मला वाटत होतं ते अंक रद्दीत गेले. मी चोवीस वर्षांची होते तेव्हा. दिवसभर लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या घासायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन भुतं लिहायची. इतके दात रोज एकटे हसताना पाहिले की भुताचं भय उरत नाही, म्हणून दुसऱ्यांना घाबरवायची हौस. दहा गावांतून वाचकांची पत्रं यायची. एकानं लिहिलं होतं, तुमचा अंक वाचल्यापासून आमची सासू एकटी अंगणात जात नाही, आभारी आहे.

तुझा तो खेळ मला अजून नीटसा कळलेला नाही. फासे टाकून माणूस घाबरतो कसा? पण एक सांगते, मानायचं तर मान. भूत दाखवायची घाई करू नकोस. आधी ज्या खोलीत ते राहतं ती खोली नीट दाखव. गादीवर सुरकुती कुठे आहे, पाण्याचा ग्लास अर्धा कुणी ठेवला. माणसं आपली आपणच घाबरतात, आपण फक्त दिवा धरायचा.

दादाचं वाचलं. दर रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा. तो बोलायचा आणि मी हं हं करायची, पन्नाशी उलटली तरी मोडला नव्हता तो नेम. ऑपरेशनपासून मेसेज येतो, ‘ठीक’. मी लिहिते, ‘बरं’. एवढं आमचं बोलणं. मला तो माशीचा आवाजही चालेल गं. पण हे त्याला सांगायचं कसं? मी सांगितलं की तो म्हणणार, दया दाखवतेय.

आत्या


२४ जून

प्रिय आत्या,

काल बंगल्यात शिरलो. दुपारी तीनला पडदे लावून, बाहेर लख्ख ऊन आणि आत केमिस्टबाईंची बोबडी वळलेली. तुझं ऐकलं. भूत दाखवलंच नाही. फक्त सांगितलं की सगळ्या खुर्च्यांवर धूळ आहे आणि एकीवर नाही. पुढे पाच मिनिटं कुणी कुठे बसेना. रिसेप्शनिस्ट तर आमच्या खऱ्या खुर्चीवरूनही उठून उभी राहिली. आम्ही एवढे राक्षस मारले, त्यातल्या एकालाही ही इज्जत मिळाली नव्हती.

आणि तो जिना! जिना चढून वर जावं आणि माणूस तळघरात पोचावा, हे तुला सुचलं कसं? सरांनी आलेखाचा कागद आणला होता, बंगल्याचा नकाशा काढायला. जिन्यापाशी त्यांची पेन्सिल थांबली. खोडलं, परत काढलं, परत खोडलं. शेवटी म्हणाले, ‘हे घर बांधणारा माणूस बरा नव्हता.’ जाताना जिन्यात दिवा लावून मागताना पाहिलं मी त्यांना, तेही उन्हात. आत्या, लोक या असल्या कल्पनेसाठी जन्म घालवतात.

पण एक घोळ झालाय. तळघरात भिंतीतला बोलतो ना, तिथे पानाच्या शेवटी आहे: ‘दिवा खाली ठेवा. मला उजेडाची भीती नाही. मला भीती वाटते ती’, आणि पान संपतं. पुढचं पान उलटलं तर वाचकांची पत्रं. मी बाकीचे अंक चाळले, कुठेही पुढचं नाही. काल मी दिवा विझवला आणि खेळ तिथेच थांबवला. सगळ्यांनी आरडाओरडा केला, त्यांना वाटलं मुद्दाम ताणतेय. मी आपली हुशार असल्याचा चेहरा केला. पुढचा खेळ सात जुलैला. उरलेलं वाक्य पाठव, माझी अब्रू तुझ्या हातात आहे.

बाबा आत होते. ‘आत कोण आहे’ असं सरांनी विचारलं, मी म्हटलं, बाबा झोपलेत. पण दार नेहमीसारखं लोटलेलं नव्हतं. हातभर उघडं होतं.

तुझी भिंगरी


१ जुलै

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की शेजारीण विचारायला आली.

अगं, तो जिना मला सुचला नव्हता. आम्ही अंक कसे जुळवायचो ते ऐक. जेवणाच्या टेबलावर पानांचे गठ्ठे गोल मांडायचे आणि टेबलाभोवती प्रदक्षिणा घालत एकेक पान उचलून पिना मारायच्या. त्या खेपेला मी दोन गठ्ठे उलटे मांडले. मूळ गोष्टीत ती माणसं सरळ वर जातात, वर एक साधी पेट्यांची खोली आहे, आणि तळघरात ती दुसऱ्या दिवशी उतरतात. पानं उलटी लागली आणि जिना तळघरात गेला. वाचकांनी पत्रांवर पत्रं लिहिली, जिना काय अफाट आहे म्हणून. मग मीही पुढच्या अंकांत तो तसाच ठेवला. तुझ्या सरांना सांगू नकोस. त्यांची झोप उडालीय तर उडू दे, हौसेनं उडवलेली आहे.

वाक्याचं मात्र कठीण आहे. त्या पुढच्या पानाचं स्टेन्सिल, म्हणजे टाइप केलेला मेणकागद, मशीनवर फाटलं. थोड्या प्रती निघाल्या, बाकीचे अंक त्या पानाशिवायच गेले. हाताने लिहिलेलं मी तेव्हाच फेकलं. आणि आता मला काही म्हणजे काही आठवत नाही. भीती वाटते ती कशाची? उंदरांची? ओल येण्याची? मी चार दिवस डोकं खाजवतेय.

पण दादाला आठवत असेल. स्टेन्सिलवर अक्षरं नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, कागदाला फक्त चिरा पडलेल्या असतात. तो स्टेन्सिल खिडकीच्या काचेवर धरून मोठ्यानं वाचायचा आणि मी हातातल्या कागदाशी ताडून बघायची. बाजारातून बोली पुकारून आलेला गळा, तोच आवाज. खालच्या मजल्यावरचे लोक म्हणायचे, तुमच्याकडे खून झाला का? त्यानं वाचलं की मला कळायचं कुठलं वाक्य लंगडतंय. माझ्या त्या अंकांत कानाला गोड लागणारं जे काही आहे, ते त्याच्या गळ्यातून गाळून आलेलं आहे. मला हडळ म्हणायचा, अजूनही म्हणतो. म्हणायचा.

त्याला विचार. पाटीवर लिहून देईल. हडळीनं विचारलंय म्हणून सांग.

आत्या


८ जुलै

प्रिय आत्या,

तुझं पत्र आज आलं. खेळ काल झाला. म्हणजे काल मी टेबलाशी बसले तेव्हा माझ्याकडे उरलेलं वाक्य नव्हतं आणि बाबांना विचारावं हेही माहीत नव्हतं. आता कसं झालं ते ऐक.

तिघं तळघरात भिंतीसमोर उभी. मी जमेल तेवढ्या खोल आवाजात वाचलं, ‘मला उजेडाची भीती नाही. मला भीती वाटते ती’. आणि थांबले. केमिस्टबाई पुढे वाकल्या. ‘कशाची?’ मी ठरवून ठेवलेलं उत्तर, एकटेपणाची, ते ऐनवेळी इतकं पांचट वाटलं की तोंडातून निघेना. सर म्हणाले, ‘कशाची? सांगा ना.’

तेव्हा भिंतीतून आवाज आला. खरोखरच्या भिंतीतून, म्हणजे बाबांच्या खोलीतून. सपाट, चढ नाही उतार नाही, पत्र्याच्या नळीतून यावा तसा. ‘तुम्ही ऐकून निघून जाल याची.’

सरांची पेन्सिल गडगडत खाली गेली. रिसेप्शनिस्टनं केमिस्टबाईंचा दंड असा धरला की आज म्हणे वळ आहेत. मी फासे उचलायचं निमित्त करून टेबलाखाली गेले आणि थोडा वेळ तिथेच राहिले. आत्या, त्यांना पान फाटल्याचं माहीत, वाक्य पाठ, एवढी वर्षं.

मी वर आले तोवर केमिस्टबाईंनी भिंतीला विचारलंही होतं, ‘आम्ही जात नाही. तुम्ही कोण?’ आणि भिंत उत्तर देत होती. लहान लहान वाक्यं, मध्ये श्वास. अर्धा तास त्या तिघांनी भिंतीशी गप्पा मारल्या. आधी त्यांना वाटलं मी आत स्पीकर लपवलाय. मग सरांनी भिंतीला विचारलं, जिन्याला पायऱ्या किती, आणि भिंत म्हणाली, ‘मोजायला या.’ हे काही स्पीकरला सुचत नाही. निघताना केमिस्टबाई दाराच्या फटीपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, ‘काका, असा आवाज मी जन्मात ऐकला नाही. शहारा गेला नाहीये अजून.’ तोंडदेखलं नव्हतं, दंडावरचा काटा मी पाहिला.

बाबा बाहेर आले नाहीत. सगळे गेल्यावर मी धावत आत गेले. यंत्र ड्रॉवरमध्ये, हाती पाटी. पाटीवर, ‘जिना चुकलाय. पानं उलटी लागली होती.’ मी म्हटलं, बोला ना बाबा. पाटी पुसून पाठ फिरवली.

तुझी भिंगरी


१५ जुलै

प्रिय भिंगरी,

ते वाक्य वाचलं आणि पत्र बाजूला ठेवून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. मला आठवलं. मी ते नुसतं घाबरवायला लिहिलं होतं, झणझणीत वाटलं म्हणून. त्याचा अर्थ मला तेव्हा कुठे ठाऊक होता?

तू शाबास आहेस. माझ्या अंकातली मेलेली पानं तू चार माणसांत उभी केलीस. मी गोष्ट सांगायची, तू तिला माणसं बसायला जागा केलीस. मला हे जमलं नसतं, मी एकालाही मध्ये बोलू दिलं नसतं.

त्याला ‘बोला बोला’ करू नकोस. सोबत चार पानं पाठवतेय. भिंतीतल्यासाठी नवीन संवाद आहेत. वाक्यं छोटी ठेवलीत, यंत्राला पेलतील अशी. इतक्या वर्षांनी लिहिलं, बोटं लाकडासारखी झालीत, पण मजा आली.

आत्या


५ ऑगस्ट

प्रिय आत्या,

तुझी पानं म्हणजे कहर आहेत. ‘मी तुमच्या आधी या घरात होतो. तुमच्या नंतरही असेन. मध्ये तेवढं बोलू.’ हे बाबांनी म्हटलं तेव्हा सरांनी चष्मा काढून पुसला, मीच करून दिलेला चष्मा, स्वच्छ होता. आता तिघं खेळायला येत नाहीत, भिंतीतल्याला भेटायला येतात. बाबा आता दार अर्धं उघडं ठेवतात. पायातल्या चपला आणि खुर्चीचा कोपरा दिसतो. त्यांचं काम मी जवळून बघतेय आणि थक्क होतेय. यंत्राला चढउतार नाहीत, म्हणून ते नुसतं थांबून घाबरवतात. कुठे थांबायचं हे त्या माणसाला इतकं कळतं की लिलावात लोक का चढी बोली लावायचे ते मला आत्ता समजलं.

पण फक्त रविवारी. फक्त भिंतीतला म्हणून. सोमवारी गॅसवाला आला, पाटी. शेजारच्या काकू आल्या, दार बंद. बोलायला शिकवणाऱ्या बाईंच्या दोन वेळा त्यांनी चुकवल्या. माझ्याशीसुद्धा नाही. रविवारी भिंतीतून जे ऐकते तेवढेच माझे बाबा.

आणि बंगला संपत आलाय. एकच जागा उरली, ती भिंतीमागची, जास्तीच्या खिडकीची. तुझ्या शेवटच्या अंकात ते भिंत पाडतात, भिंतीतला मोकळा होतो आणि नाहीसा होतो. मग बाबा कोण म्हणून बोलणार? भुताचा आवाजही गेला तर पाटीच उरली.

म्हणून मला आणखी खोल्या लिहून दे. एक मजला वाढव, मागे एखादं थडगं काढ, काहीही. फासे माझ्या हातात आहेत, मी त्यांना वर्षभर फिरवत ठेवीन. तू फक्त खोल्या पुरव.

तुझी भिंगरी


१२ ऑगस्ट

प्रिय भिंगरी,

खोल्या मिळणार नाहीत.

रागावू नकोस, आधी ऐकून घे. हात शिवशिवतोय माझाही. थडगं तर माझं मनातल्या मनात बांधूनही झालंय. पण परवा लिहायला बसले आणि वाटलं, मी हे कुणासाठी बांधतेय? तुला खेळाच्या रविवारी बाबा ऐकायला मिळतात. मला तुझ्या पत्रांतून दादा ऐकायला मिळतो. आपल्या दोघींच्या सोयीसाठी तो भिंतीत राहणार, आणि आपण कौतुकानं विटा रचत बसणार. तो तिथून बोलतोय ते चांगलंच आहे, पण तिथे राहायला तो आला नव्हता.

तुझ्या खेळाला मी जांभई दिली होती. आता सांगते, त्या खेळातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. पुढे काय होणार हे सांगणाऱ्याच्या हातात नसतं. मी अंक लिहायचे तेव्हा माझ्या माणसांना मी कधी विचारलं नाही की बाबांनो, तुमचा काय विचार आहे. भिंतीतला नाहीसा होतो असं मी लिहिलं, कारण मला शेवट हवा होता आणि कागद संपत आला होता. तू विचारू शकतेस. भिंत पडू दे. माझं शेवटचं पान वाचूच नकोस. ‘तो काय करतो’ असं विचार, आणि गप्प बस. गप्प बसणं तुला जड जाईल, आपल्या घराण्यात कुणालाच ते जमत नाही.

तू म्हणशील, आणि तो काहीच बोलला नाही तर? तर बोलणार नाही. मग मलाही त्याचा आवाज पुन्हा ऐकायला मिळणार नाही. ते धरूनच लिहितेय. हे लिहायला मला दोन दिवस लागले.

आत्या


२६ ऑगस्ट

प्रिय आत्या,

तुझ्या पत्रावर मी आठवडाभर फणफणत होते, मागच्या रविवारचा खेळही पुढे ढकलला. काल तुझं ऐकलं.

सरांनी भिंत पाडायचे फासे टाकले. आम्ही सगळे हरायची वाट बघत होतो खरं तर, कुणालाच तो जायला नको होता. फासे पडले ते चांगलेच पडले. मी म्हटलं, ‘विटा खाली येतात. धूळ बसते. आत एक माणूस उभा आहे. तो काय करतो?’ तुझं शेवटचं पान मी घडी घालून मांडीखाली दाबलं होतं. आणि गप्प बसले.

काही झालं नाही. पंखा फिरत होता. रिसेप्शनिस्ट माझ्याकडे बघत होती, तिला वाटलं मी विसरले. मला तोंड उघडायची इतकी घाई झाली की मी जीभ चावून धरली. मग आत खुर्ची सरकली.

बाबा बाहेर आले. घरातलाच शर्ट, गळ्याला तो पातळ रुमाल, हातात यंत्र. केमिस्टबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांच्यापाठोपाठ सगळेच उभे राहिले, मीसुद्धा. बाबांनी आमच्याकडे एकेकाकडे बघितलं, बाजारात गिऱ्हाईक बघायचे तसं. यंत्र गळ्याला लावलं आणि म्हणाले, ‘चहा कोण कोण घेणार?’

कुणाला कळेना की हे भिंतीतला विचारतोय की काका. रिसेप्शनिस्टनं शाळेतल्यासारखा हात वर केला. सर म्हणाले, ‘बिनसाखरेचा.’ बाबा म्हणाले, ‘साखर नसलेला चहा मी करत नाही.’ आणि आत गेले.

मी रडले, हे वेगळं लिहायला नको. केमिस्टबाई पण. चहा घेऊन बाबा टेबलाशीच बसले आणि सरांचा नकाशा पुढे ओढून जिन्याची चूक दाखवायला लागले. सर ऐकेनात. एवढं रात्र रात्र जागून त्यांनी त्या जिन्याला गणितात बसवलं होतं, आता तो चुकून झालाय हे त्यांना मान्यच नाही. दोघं तासभर भांडले. यंत्रात आवाज चढवता येत नाही म्हणून बाबा टेबलावर बोट आपटत होते, कप नाचत होते. मी तिथेच बसून ऐकत होते. मला कुणी मध्ये बोलू दिलं नाही.

आज सकाळी मी दुकानात निघाले तर स्वयंपाकघरातून आवाज आला, ‘येताना दूध आण.’ मी दोनदा विचारलं, काय म्हणालात? दुसऱ्यांदा ते चिडून म्हणाले.

पुढच्या खेपेला काय खेळायचं, असं तिघं विचारताहेत. बाबा म्हणतात, मी पण फासे टाकणार. त्यांना जिवंत माणूस व्हायचंय, लुटारू.

तुझी भिंगरी


२ सप्टेंबर

प्रिय भिंगरी,

काल सकाळी दादाचा फोन आला. तासभर बोलला. सरांना गणित येत नाही, तुला दूध उतू न घालवता तापवता येत नाही, लुटारूला घोडा मिळायला हवा पण तू देत नाहीस, ‘जळमट’च्या तिसऱ्या अंकात मी एका माणसाला दोनदा मारलं होतं. मी हं हं करत राहिले. माझा कान लाल झाला आणि मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

पण सुरुवात कशी झाली ते तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. फोन वाजला, मी हॅलो म्हटलं, आणि पलीकडून तो आवाज, ‘हडळ आहे का घरी?’

तू पत्रातून एवढं वर्णन केलेलं. मी स्वतः तो भिंतीतला लिहिलेला. कितीतरी महिने मी त्याच आवाजाची वाट बघत होते. आणि तो कानात आल्याबरोबर, भिंगरी, मी किंचाळले. पाचावर धारण बसली माझी. फोन हातातून सुटून कपड्यांच्या ढिगावर पडला.

उचलला तर पलीकडे काही नाही. ‘दादा’, मी म्हटलं. काही नाही. फोन चालू होता, पण आवाज म्हणून नाही. मला वाटलं, एवढं धैर्य करून आला होता तो, आणि त्याच्या सख्ख्या बहिणीनं किंचाळून त्याला परत आत ढकललं. आता तो यंत्र ड्रॉवरमध्ये टाकेल आणि पुन्हा कधी काढणार नाही. मी बडबडत सुटले. दादा, मी घाबरले नाही रे, म्हणजे घाबरले पण तसं नाही, फोन ठेवू नकोस, मी कुठे जात नाही, इथेच आहे, बोल. पलीकडे शांत.

मग यंत्राची गुणगुण परत सुरू झाली. ‘हसत होतो’, तो म्हणाला. ‘हसताना हे गळ्याला धरता येत नाही.’

आत्या